मे महिन्यात कुणाला पाणी द्यायचं नाही

परसबागेवर जे काही वाचायला मिळतं त्यात एकच असतं, भेंडीला इतकं पाणी, मिरचीला तितकं पाणी, रोज सकाळ संध्याकाळ झारीनं द्या वगैरे. लिहिणाऱ्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असणार. आमच्याकडं लातूर-औसा पट्ट्यात गुढीपाडवा झाला की बोअर आचके द्यायला लागतो, दहा मिनिटं चालतो, मग नुसती हवा, मग बंद करून तास-दोन तास वाट बघा, तवा परत दोन-चार घागरी. ह्या पाण्यात माणसं, गाय, भांडी, कपडे आणि मग उरलं तर भाजीपाला. त्यामुळं मी होळीच्या आसपासच बागेत एक चक्कर मारून ठरवून टाकतो की यंदा कुणाला पाणी द्यायचं नाही. सगळ्यांना थोडंथोडं देत बसलं की सगळेच अर्धमेले राहतात आणि शेंग एकाला पण लागत नाही, पाणी मात्र सगळं संपतं.

पहिला नंबर टोमॅटोचा. झाड हिरवं असतं, फुलं पण येतात, म्हणून जीव होत नाही काढायला, पण पारा ३५-३८ च्या वर गेला की टोमॅटोचे परागकण निकामी व्हायला लागतात आणि फुलं नुसती गळतात, तुम्ही बादलीभर पाणी ओता नाहीतर टँकर ओता. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४२ म्हणजे साधी गोष्ट आहे, परभणीकडं तर ४३-४४ ला जातो. जी फळं आधीची लागलेली असतात त्यांना पाणी कधी मिळतं कधी नाही, मग बुडाला काळा डाग पडतो. त्याला लोक रोग समजून फवारण्या करत बसतात पण तो रोग नाहीच, पाण्याच्या खाडाखाडीमुळं फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही एवढंच. मी काढायला लागलो की माय ओट्यावरनं ओरडतेच, "हिरवंगार झाड कामून उपटायलास रं? त्यानं काय केलं तुझं?" काही केलं नाही त्यानं, पण काही करणार पण नाही, असं सांगून भागत नाही, दोन झाडं तिच्या नावानं ठेवावी लागतात.

दुसरी मेथी, कोथिंबीर, पालक. ह्यांची मुळं वरच्यावर असतात, रोज ओल पाहिजे, आणि उन्हाळ्यात मेथी वीतभर झाली नाही तोच फुलावर येते. बाजारातनं जुडी आणलेली परवडली. काकडी पण नको, पाण्याचा ताण पडला की कडू होते, मग सालं काढा, टोकं घासा, तरी तोंड वाकडंच.

मग ठेवायचं कुणाला? गवार. गवारीसारखं इमानी पीक नाही, मूळ खोल जातं, ऊन अंगावर घेतं आणि आठवड्यातनं दोनदा पाणी मिळालं तरी शेंगा देत राहतं. चवळी तशीच. भेंडी पण चालते, फक्त एक दिवसाआड तोडायला पाहिजे, शेंग जून झाली की झाड सगळा जीव बियांत घालतं आणि पुढची फुलं थांबतात. मिरचीची चार झाडं सावलीच्या अंगाला. तांदुळजाचा एक छोटा वाफा कारण घरात रोज भाकरीबरोबर काहीतरी पातळ पालेभाजी लागते. न्हाणीच्या मागं एक दोडका. शेवगा आणि कढीपत्ता मोठे झालेत, त्यांच्याकडं मी बघत पण नाही. आणि घोळ आपोआप उगवते वाफ्याच्या कडेनं, तिला उपटून फेकू नका, पानात पाणी साठवणारी भाजी आहे, डाळ घालून केली तर काय लागते!

आता किती पाणी लागतं त्याचा हिशोब, हा एकदा केला की डोळे उघडतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आणि मे महिन्यात आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढं उतरतं, गरम वारं सुटलं की अजून जास्त. म्हणजे १० बाय १० फुटाचा वाफा घेतला, साधारण सव्वानऊ चौरस मीटर, तर तेवढ्या जागेतनं ऊन आणि वारा मिळून दिवसाला नव्वद-पंच्याण्णव लिटर उडवू शकतात. सहा घागरी! रोज! भाजीला प्रत्यक्षात ह्यापेक्षा कमी पुरतं, पण सगळा वाफा उघडा ठेवून वरनं झारीनं शिंपडलं तर आपण बरंचसं पाणी वाऱ्यालाच पाजत असतो. त्यामुळं माझा सगळा खटाटोप दोनच गोष्टींसाठी असतो, ओली जागा कमीत कमी ठेवायची आणि ती ओली जागा उन्हाला दिसू द्यायची नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्याकडं पाहुण्यानं अर्धा तांब्या ठेवला तर तो मोरीत कुणी ओतत नाही, सरळ कढीपत्त्याच्या आळ्यात. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी सगळं एका बादलीत जमा होतं आणि ते बिनधास्त भाजीला चालतं. साबणाच्या पाण्याचं मात्र जपून. कपड्याच्या पावडरीत सोडियम असतो आणि आपली काळी माती सोडियमला लई वाईट वागते, चिकट होते, वरनं टणक पापडी धरते, पाणी मुरतच नाही. शेतकऱ्याच्या भाषेत जमीन चोपण होते. म्हणून पहिलं फेसाचं पाणी मोरीच्या बाजूच्या कर्दळीला आणि केळीला, शेवटच्या खळबळण्याचं पाणी फक्त शेवग्याच्या आळ्यात, पालेभाजीला दोन्ही नाही. आरओच्या फिल्टरचं टाकाऊ पाणी पण तसंच, बोअरचं पाणी आधीच जड, त्यात फिल्टर क्षार वेगळे काढून ह्या पाण्यात सोडतो, मग ते रोज एकाच झाडाला घातलं तर पानांच्या कडा करपतात. मी ते फरशी पुसायला वापरतो.

आता येतो कोमेजण्यावर, कारण इथं निम्मं पाणी वाया जातं. दुपारी दोन-तीनला भोपळ्याची, दोडक्याची, वांग्याची पानं माना टाकतात आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, लगेच पाइप घेऊन धावतात. थांबा की जरा. पानातनं जेवढं पाणी उडतंय तेवढं मुळांना त्या वेळात वर ढकलता येत नाही, म्हणून झाड पानं खाली लोंबवून ऊन चुकवतं. मुळाशी ओल असली तरी असं होतं. तेच झाड संध्याकाळी सातला बघा, उभं असतं. सकाळी सहाला पण जर पानं माना टाकलेली दिसली तर मात्र खरी तहान आहे, त्याच दिवशी पाणी द्या. आमच्या शेजारच्या काकू रोज दुपारी भोपळ्याला पाणी घालायच्या आणि माझ्याकडं बघून हळहळायच्या, "तुमचं लेकरू बघा कसं वाळायलंय, घाला की जरा." शेवटी संध्याकाळी त्यांना नेऊन दाखवलं. दाखवलं तरी त्यांचं दुपारचं पाणी चालूच आहे ही गोष्ट वेगळी.

तर पानाकडं बघून नाही, मातीकडं बघून ठरवायचं. खुरपं घ्या, चार बोटं खाली जा, तिथली मूठभर माती काढून दाबा. लाडू झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, आज पाणी नको. दाबल्यावर बोटांना चिकटली, लांबट वळी झाली तर जास्तच आहे, उद्या पण नको. लाडूच झाला नाही, भुगा होऊन सांडली, तर द्या. एवढंच. वरची माती बघून काहीच कळत नाही, मे महिन्यात वरचा थर सकाळी पाणी दिलं तरी दुपारी पांढरा पडतो.

काळ्या मातीची अजून एक गंमत म्हणजे भेगा. एकदा का ती वाळली की बोट जाईल एवढी भेग पडते, कधीकधी हात जातो. अशा वाफ्यात पाणी सोडलं की ते आधी भेगेतनं खाली पाताळात जातं, मुळं बसतात बाजूला बघत. वर भेगेच्या भिंती उघड्या पडलेल्या असतात तिथनं खालची ओल पण उडते. म्हणून पाण्याच्या आधी खुरपणी. वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत करून भेग बुजवायची, मग हळूहळू पाणी. जुनी माणसं म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ते शेतात जेवढं खरं तेवढंच परसात. आणि पाणी द्यायचं ते एकदाच, आळं भरून, सावकाश, वीतभर खाली जाईल असं. रोज वरवर चुळकाभर पाणी देऊन मुळांना वर यायची सवय लावली की पुढं एक दिवस चुकला तरी झाड झोपतं.

माझं सगळ्यात आवडतं साधन मडकं, मातीत पुरून पाण्यानं भरून ठेवलेलं. ह्यात नवीन काही नाही, जुनीच पद्धत आहे, पण लोक करताना दोन-तीन गोष्टी चुकवतात आणि मग म्हणतात काही फायदा झाला नाही. मडकं साधं भाजलेलं, पाझरणारं पाहिजे, रंग दिलेलं, चकाकी असलेलं नको. आणि घरातला जुना माठ, ज्याचं पाणी आता गार होत नाही म्हणून अडगळीत टाकलाय, तो तर अजिबात नको. पाणी गार होत नाही ह्याचा अर्थच असा की त्याची छिद्रं क्षारानं बुजलीत, आता ते पाझरणार नाही. मडक्यात पाणी भरून सावलीत ठेवा, तासाभरात बाहेरनं घाम फुटला, हात लावला की ओला झाला, तर ते मडकं मातीत चालतं. अक्षय्य तृतीयेला करा-केळी आणायला कुंभाराकडं जातोच आपण, तेव्हाच पाच-सहा लिटरची दोन-चार साधी मडकी घ्यायची.

पुरताना गळ्यापर्यंत पुरायचं, काठ मातीच्या दोन बोटं वर राहू द्यायचा. आणि इथं काळ्या मातीवाल्यांनी नीट ऐका, मडक्याच्या भोवती नुसती काळी माती भरू नका. ती वाळून आकसली की मडक्यापासून सुटते, मध्ये फट पडते, आणि मडक्याचं पाणी मातीला लागतच नाही. मी खड्डा थोडा मोठा घेतो, भोवती वाळू, जुनं शेणखत आणि माती असं मिसळून दाबून भरतो, आणि पहिल्यांदा बाहेरनं पण भरपूर पाणी देतो म्हणजे सगळं घट्ट बसतं. मग वीतभर अंतरावर गोल मिरची नाहीतर वांगी, मध्ये मडकं. माती कोरडी पडली की ती मडक्यातनं पाणी ओढते, ओली असली की ओढ कमी होते, त्यामुळं झाडाला जेवढं पाहिजे तेवढंच जातं, आपल्याला गावाला जायचं असलं तरी निवांत. मे मध्ये दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. तोंडावर झाकण पाहिजेच, फुटकी परात, कौल, चपटा दगड काहीही, नाहीतर डास अंडी घालतात आणि चिमण्या आत पडतात.

मृग लागायच्या आत मी मडकी काढून घेतो, कारण पावसात काळी माती फुगली की मडकं चेपून तडकतं. काढताना बघण्यासारखं असतं, मडक्याच्या पोटाला बारीक पांढऱ्या मुळांची जाळी चिकटलेली असते, एकदम घट्ट, बोटानं ओढली तर तुटते पण सुटत नाही. बाहेरनं क्षाराचा पांढरा थर पण आलेला असतो. काथ्यानं घासून, थोडं लिंबू मारून परत वापरता येतं पण पहिल्या वर्षासारखं पाझरत नाही, दोन उन्हाळे झाले की त्याची कुंडी करायची.

ठिबकबद्दल जास्त लिहीत नाही, आपल्याकडं प्रत्येकाच्या शेतात आहे. फक्त घरच्यासाठी एवढं की ड्रमवर चालवायचं असेल तर ड्रिपरवर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीवर, चार लिटर तासाला लिहिलंय म्हणून तेवढं येईल असं धरू नका. तो आकडा साधारण एक बार दाबाचा असतो आणि ड्रम एक मीटर उंच ठेवला तर दाब मिळतो त्याच्या दहावा हिस्सा. म्हणून लॅटरल, म्हणजे ड्रिपर लावलेली नळी, छोटी ठेवा, खाली बादली लावून तासाला किती पडतं ते मोजा. आणि दुपारी चुकूनही चालू करू नका, काळ्या नळीत साचलेलं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं असतं, पहिलं पाणी बादलीत सोडून द्या. नळ्या खारी कुरतडतात, उंदीर कुरतडतात. त्यांना पण पाणीच पाहिजे असतं, बागेच्या कोपऱ्यात एक पसरट भांडं भरून ठेवायला लागल्यापासून माझ्या नळ्यांची भोकं बरीच कमी झाली.

आच्छादन मात्र कराच, म्हणजे मातीवर वाळक्या पाल्याचा थर. आपल्याकडं उसाचं पाचट म्हणाल तेवढं मिळतं, लोक पेटवून देतात तेव्हा वाईट वाटतं. (उसाला किती पाणी जातं आणि आपण तांब्यानं मोजतोय ह्यावर बोलायला गेलं की आमच्या पारावर भांडणं होतात, म्हणून इथं नको.) पाचट नसेल तर सोयाबीनचं भुसकट, पण ते वाऱ्यानं उडतं, वरनं तुरीच्या चार काड्या आडव्या टाका. चार बोटं जाड थर पाहिजे, खोडाला चिकटवू नका, थोडी जागा मोकळी ठेवा. वाळवी लागते, मान्य आहे, मी अधूनमधून पाचट उलटं-पालटं करतो, तेवढ्यानं ती बरीच हटते. आणि हात घालायच्या आधी काठीनं हलवून बघायचं, मे महिन्यात खाली गारवा असतो तो आपल्याआधी विंचवाला कळतो. पश्चिमेच्या बाजूला बायकोच्या दोन जुन्या सुती साड्या बांधल्यात, दुपारचं तिरपं ऊन त्या अडवतात. शेडनेट मिळते पन्नास टक्केवाली, चांगली असते, पण साडी असताना कशाला.

जुनी वांगी असतील, म्हणजे हिवाळ्यात फळं देऊन थकलेली, तर ती उपटू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून वरनं छाटून टाका. पानं नाहीत म्हणजे पाणी उडायला जागा नाही, आठवड्याला एखादा तांब्या दिला तरी खोड जिवंत राहतं. पहिले पाऊस पडले की बुडातनं फुटवे येतात, आणि नवीन रोप लावलेल्यांच्या बरंच आधी तुमच्या घरात भरीत होतं. छाटताना लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) झालेल्या फांद्या असतील तर त्या कंपोस्टमध्ये टाकू नका, जाळा. कोरड्या उन्हात कोळी फार वाढतो, पानाच्या मागं बारीक जाळं दिसलं की पाठीमागनं पाण्याचा जोरात फवारा मारायचा, आणि हे एक काम असं आहे की जिथं मी पाण्याची कंजुषी करत नाही.

शेवटचं अवकाळीचं. मे मध्ये एखाद्या संध्याकाळी वारं सुटतं, पत्रे वाजतात, पंधरा मिनिटं जोरात सर येते, मातीचा वास सुटतो आणि सगळे म्हणतात चला आता चार दिवस पाण्याची कटकट मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घालून बघा. वरची दोन बोटं ओली असतात, खाली कोरडं ठाक. पाचट टाकलेल्या वाफ्यात तर कधीकधी तेवढं पण नाही, सगळं पाचटानंच पिऊन टाकलेलं असतं. त्यामुळं पाण्याची पाळी आहे त्या दिवशी द्यायचीच, फक्त वरचा थर ओला आहे तोवर एकदा खुरपून घ्या, वाळला की परत पापडी धरतो.